टर्बोचे पारायण

शिरूर आणि आसपासच्या सात-आठ गावांत आप्पांच्या ओळखीतल्या कुणी टर्बो पेट्रोल गाडी घेतली, की नारळ, हार आणि चाकाखालचे लिंबू झाल्यावर आणखी एक विधी उरत असे. आप्पांकडे निरोप जाई, आणि आप्पा त्या गाडीच्या पुस्तकाचे पारायण लावत.

पुस्तक म्हणजे कंपनी गाडीबरोबर देते ते मॅन्युअल. बहुतेक गाड्यांत ते समोरच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, गाडी विकेपर्यंत तसेच पडून असते. आप्पांच्या मते ही गोष्ट देवघरात देव मांडून त्याला कधीच आंघोळ न घालण्यासारखी होती.

पारायण तीन रविवार चाले. वेळ सकाळी नऊची, जागा गाडीमालकाची ओसरी. पोथी ठेवायची घडीची लाकडी बैठक आप्पा स्वतः पिशवीतून आणत. ते पाटावर बसत, चष्मा पुसत आणि हजेरी घेत. ज्याच्या हातात किल्ली जाणार तो प्रत्येक जण हजर पाहिजे, हा नियम होता. कवठे येमाईत एका घरी त्यांनी सत्तरीच्या आजीलाही बसवून घेतले.

"अहो आप्पा, तिला कशाला? ती काय गाडी चालवणार हाय का?" मालक म्हणाला.

"खुंटीवरची किल्ली कोण काढून देतं?"

"तीच देती."

"मग बसू द्या."

पुस्तक इंग्रजीत असे. आप्पा एक ओळ इंग्रजीत वाचत, मान वर करत आणि तिचे आपल्या भाषेत निरूपण करत. इंजिन हजार सीसीला एक कमी, सिलिंडर तीन, पूर्ण ओढ पंधराशे आरपीएमपासून. एवढ्यावर ओसरीतून पहिला आक्षेप येई.

"तीनच? माझ्या ट्रॅक्टरलाबी तीन हायेत की."

"ट्रॅक्टर बावीसशे फेऱ्यांना दमतो. ह्यो साडेपाच हजाराला गातो. तुलना करू नका."

टर्बो समजावताना ते पुस्तक बाजूला ठेवत. "इंजिनातला धूर फुकट बाहेर जातोय. त्या धुरावर एक पंखा फिरवायचा. त्याच दांड्यावर दुसरा पंखा, त्यानं इंजिनात हवा कोंबायची. म्हंजी काय, आपल्याच उच्छ्वासानं आपलीच चूल फुंकायची. मिनिटाला लाखाच्या वर फेरे. आन् त्या दांड्याला आधार कशाचा? तेलाच्या पातळ थराचा. दुसरं काय न्हाई."

शेवटच्या रविवारी प्रसाद असे. शिरा किंवा भजी, घराच्या ऐपतीप्रमाणे. लोक पारायणाला कंटाळत, पण टाळत नसत. आप्पांना न विचारता घेतलेल्या गाडीत काही बिघडले, तर त्या बिघाडाची चर्चा गावात जास्त दिवस चाले.

मी तालुक्याच्या बातम्या देत असे, आणि आप्पांच्या शिरूरच्या घरात वरची खोली भाड्याने घेऊन दोन वर्षे राहिलो. त्या काळात तीन पारायणांना हजर होतो. माझ्याकडे मोटारसायकल होती, त्यामुळे श्रोता म्हणून पात्रता नव्हती. आप्पांनी मला साक्षीदार म्हणून नेले.

आप्पा उंच आणि सडपातळ होते. पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशात एक पेन आणि टायरची हवा मोजायचे मीटर. रांजणगावच्या एका इंजिन कारखान्यात ते चोवीस वर्षे टेस्ट बेडवर होते. इंजिन गाडीत बसण्याआधी तिथे चौथऱ्यावर बांधून पळवले जाते आणि शेजारी एक माणूस उभा राहून ऐकतो. तो माणूस आप्पा. या कामात त्यांचा डावा कान जवळजवळ गेला होता. पुढे त्यांनी कानांची वाटणी केली. इंजिनासाठी उजवा, माणसांसाठी डावा. घरी कुणी गाऱ्हाणे सांगू लागले की ते आदराने डावी बाजू पुढे करत.

त्यांच्याकडे स्वतःची गाडी नव्हती. ते एसटीने फिरत. कारण विचारले तर म्हणत, "माझी एक असती तर मी तिचीच काळजी केली असती. आता सगळ्यांची करता येती."

निदान ते फोनवरही करत. राहूहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला, की गाडी सुस्त झाली आहे आणि पाय दाबला की आवाज करते. आप्पांनी फोन बॉनेटजवळ धरायला सांगितला.

"सापासारखा आवाज की कुकरसारखा?"

"कुकरसारखा, दादा."

"शिट्टीच्या आधीचा?"

"व्हय, शिट्टीच्या आधीचा."

"मग टर्बोकडनं येणाऱ्या पाइपाचा क्लॅम्प सैल हाय. हवा वाटेतच निसटती. आवळून घ्या."

पुढे उघड झाले, की बहिणीने फोन खिडकीशी धरला होता आणि आवाज स्वयंपाकघरातल्या कुकरचाच होता. आप्पांनी निदान मागे घेतले नाही. क्लॅम्प तपासायला लावला. तो सैलच निघाला.

चालवण्याच्या बाबतीत त्यांचा राग एकाच सवयीवर होता. या भागातली माणसे ट्रॅक्टरवर आणि डिझेल जीपवर हात बसवून मोटारीकडे वळलेली. वरचा गिअर टाकून इंजिन हळू फिरवले की तेल वाचते, हे त्यांच्या हाडात मुरलेले. कवठे येमाईचा एक कांदा बागायतदार आम्हाला घेऊन शिरूरकडे निघाला होता. गाडीत पाच माणसे, मागे दोन पोती. चढाला त्याने चौथा गिअर तसाच ठेवला. वेग पस्तीस. बॉनेटखालून डब्यात खडे हलवावेत तसा बारीक आवाज येऊ लागला.

"गाडी थांबवा," आप्पा म्हणाले.

"का हो आप्पा? काय राहिलं का?"

"मी उतरतो. त्या बिचाऱ्या इंजिनाला जिन्यावरनं पोतं चढवायला लावलंय तुम्ही. माझं तरी वजन कमी होईल."

"अहो, ॲव्हरेज चांगलं पडतं असं. एकवीसचं देती."

"देईल. पिस्टन फुटस्तवर देईल. टर्बो आत हवा कोंबतोय, इंजिन हळू फिरतंय, पेट्रोल ठिणगीच्या आधीच पेट घेतंय. पिस्टनच्या डोक्यात हातोडा बसतोय हातोडा. दुसरा टाका, न्हाईतर मी चालतो."

बागायतदार हसला आणि गिअर बदलला नाही. आप्पा उतरले आणि खरोखर चालू लागले. माथ्यावर गाडी त्यांची वाट पाहत उभी होती. ते येऊन परत गाडीत बसले. पुढच्या चढाला बागायतदाराने न सांगता दुसरा गिअर टाकला.

आप्पांचा सर्वांत प्रसिद्ध नियम मात्र गाडी थांबवण्याचा होता.

जोरात पळून आलेल्या गाडीचा टर्बो लालभडक तापलेला असतो. इंजिन एकदम बंद केले तर तेलाचा प्रवाह तुटतो, दांड्यापाशी अडकलेले तेल जळते आणि त्याचा कोळसा होतो. असे शेकडो वेळा झाले की टर्बो जातो. म्हणून लांबून आल्यावर एक मिनिट इंजिन नुसते चालू ठेवायचे. हे पुस्तकातही आहे. पण एक मिनिट म्हणजे किती, हे माणसाला घड्याळाशिवाय कळत नाही आणि घड्याळ कुणी बघत नाही, असा आप्पांचा अनुभव होता. त्यांनी माप ठरवून दिले. गाडी उभी करायची आणि बापाकडचे आजा, आजी, पणजा, पणजी, मग आईकडचे आजा, आजी, पणजा, पणजी, अशी आठ नावे सावकाश घ्यायची. नंतर किल्ली फिरवायची.

माप अचूक होते, कारण आठवे नाव कुणालाच आठवत नसे. आईकडच्या पणजीशी माणसे अडत. इंजिनाला एकाऐवजी दोन मिनिटे मिळत.

शिरूरच्या एका लग्नात कार्यालयाबाहेर एक सरपंच गाडीत बसून होते. अक्षता सुरू झाल्या होत्या. त्यांची पत्नी काचेवर टकटक करत होती.

"अहो, चला की आता! मुहूर्त टळंल!"

"थांब गं. तुझ्या सासूच्या आजीचं नाव काय होतं?"

"मला काय ठावं? तुमच्या आईला इचारा."

"आई आत हाय."

"मग गाडी घेऊनच आत जावा!"

नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही टर्बोला थंड पाणी फिरवणारा वेगळा पंप असतो, हे एका तरुण मेकॅनिकने आप्पांच्या लक्षात आणून दिले होते. आप्पांनी ते मान्य केले. "पंप कंपनीचा. सवय आपली," असे म्हणून त्यांनी नियम कायम ठेवला.

त्यांची भाची, राहूच्या बहिणीची मुलगी, हा नियम सगळ्यांत काटेकोर पाळत असे. ती इंजिनिअर होती आणि रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात काम करत होती. राहूला कंपनीची बस येत नाही. तिने स्वतःच्या नावावर कर्ज काढून टर्बो पेट्रोल गाडी घेतली आणि पारगाव, न्हावरा मार्गे रोज जा-ये सुरू केली. वडिलांना हे फारसे पसंत नव्हते. गाडी आहे तोवर नोकरी, असा घरात अलिखित करार होता. तिच्या पारायणाला आप्पा तिन्ही रविवारी शिरूरहून दोन एसट्या बदलून गेले होते. आठही नावे न अडखळता घेणारी त्यांच्या श्रोत्यांतली ती एकटी.

गाडीच्या तिसऱ्या वर्षी, पहिल्या पाळीला जाताना, पारगावचा पूल ओलांडल्यावर तिच्यासमोर लाल दिवा लागला. तेलाच्या किटलीचे चित्र. तिने गाडी डावीकडे घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला आणि नावे घ्यायला सुरुवात केली. सातव्या नावाला इंजिनाचा आवाज बदलला. तिने किल्ली फिरवली आणि मामाला फोन केला.

गाडी ओढून नगर रस्त्यावरच्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. आप्पा गेले, मीही गेलो. इंजिनाचा खालचा भाग उघडला होता. या इंजिनात वरचे दांडे फिरवणारा रबरी पट्टा तेलातच बुडून फिरतो. तो झिजून त्याचे काळे कण सुटले होते आणि तेल ओढणाऱ्या जाळीवर चिकटले होते. जाळी बंद, म्हणून तेलाचा दाब शून्य. हा त्या इंजिनाचा माहीत असलेला दोष होता. सगळ्या सर्व्हिसिंग वेळेवर आणि तिथेच झाल्या होत्या. गाडी वॉरंटीत होती.

भाचीचे वडीलही आले होते. त्यांनी एकच वाक्य उच्चारले. "महिन्याच्या आत गाडी दारात आली तर ठीक. न्हाईतर राजीनामा."

वर्कशॉपच्या व्यवस्थापकाने संगणकातून काढलेला कागद पुढे केला. दिवा लागल्यानंतर इंजिन सत्तावन्न सेकंद चालू होते, असे गाडीनेच नोंदवले होते.

"मॅडम, जाळी बंद झाली हा आमचा दोष. पण लाल दिव्यावर तुम्ही गाडी चालवलीत. बेअरिंग गेली, टर्बो गेला. क्लेम मंजूर होणं अवघड आहे."

"मी चालवली नाही. उभी होती."

"उभी होती, तर इंजिन चालू का ठेवलं?"

उत्तर भाचीकडे होते. मामा शेजारी उभे होते, म्हणून ते दिले जात नव्हते.

"नावं घेत होती," आप्पा म्हणाले.

"कुणाची?"

"आज्या-पणज्यांची."

व्यवस्थापकाने भाचीकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी होकारार्थी मान हलवली. आप्पांनी त्याला नियम समजावला आणि स्वतःची बाजू सावरली नाही. शेवटी त्यांनी गाडीचे पुस्तक मागितले.

मॅन्युअलमध्ये सूचक दिव्यांची चार पाने असतात. त्यांत मजकूर कमी आणि चित्रे जास्त. आप्पांनी ती पाने कुठल्याच पारायणात वाचली नव्हती. ती आली की "ही चित्रं घरी बघा" म्हणत ते पुढे जात. वाचण्याजोगे त्यांत काही नाही, असे त्यांचे मत होते. वर्कशॉपच्या काउंटरवर त्यांनी ती प्रथमच वाचली. किटलीच्या चित्रापुढे दीड ओळ होती. त्यांनी ती आधी इंग्रजीत वाचली आणि मग सवयीने आपल्या भाषेत मोठ्याने सांगितली.

"दिवा लागताच गाडी सुरक्षित जागी उभी करा आन् इंजिन ताबडतोब बंद करा."

पुस्तक मिटून ते भाचीला म्हणाले, "हे मी तुला सांगितलंच न्हाई."

"मामा, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती," ती म्हणाली. आवाज चढला होता. "मी क्वालिटीत आहे. लाईनवर लाल दिवा लागला की पहिल्या सेकंदाला लाईन थांबवते. प्लँट मॅनेजर ओरडला तरी चालू करत नाही. आणि गाडीत काय केलं? दिवा समोर दिसत होता आणि मी आज्या-पणज्यांची नावं घेत बसले. तुमचा आवाज त्या दिव्यापेक्षा मोठा झाला होता माझ्या डोक्यात."

आप्पांनी या वेळी डावा कान पुढे केला नाही. सरळ तिच्याकडे तोंड करून उभे राहिले.

मग त्यांनी कोरा कागद मागितला आणि निवेदन लिहिले. दिवा लागल्यावर इंजिन चालू ठेवण्याची सवय मी लावली, गाडी त्या वेळी जागेवर उभी होती, भाचीची चूक एवढीच की तिने माझे ऐकले. खाली सही, आणि सहीखाली 'मामा'.

चार दिवसांनी कंपनीचा तपासनीस आला. तरुण होता. त्याने निवेदन दोनदा वाचले आणि संगणकातून आणखी एक नोंद काढायला लावली, ती वेगाची. त्या सत्तावन्न सेकंदांत, गाडी कडेला घेण्याचे पहिले काही सेकंद सोडले तर, वेग शून्य होता. लाल दिव्यावर गाडी दामटल्याचा आरोप तिथे संपला. पट्टा, जाळी, पंप आणि बेअरिंग कंपनीने दिली. टर्बो दिला नाही. तेल नसताना तो फिरत राहिला याला पुस्तक जबाबदार नव्हते.

टर्बो आप्पांनी दिला. बहीण नको म्हणत होती.

"लग्नात मामाचा आहेर द्यायचाच हाय," आप्पा म्हणाले. "समज, आधी दिला."

"आहेरात भांडी देत्यात दादा. टर्बो कुणी देतं का?"

"भांडी काय, कुणीबी देईल."

दुरुस्ती चालली तितके दिवस भाची शिरूरला आप्पांकडे राहिली आणि स्टँडवरून कंपनीच्या बसने कामाला गेली. गाडी सत्ताविसाव्या दिवशी मिळाली. ती राहूच्या दारात उभी राहिली तेव्हा वडिलांनी इंजिनाबद्दल काही विचारले नाही. "उद्या कोणती पाळी?" एवढेच विचारले.

आप्पांनी पारायणे बंद केली. निरोप येत राहिले. एकाने पेढ्यांचा पुडा आणून दिला, तो त्यांनी माझ्याकडे वर पाठवला. "माझ्या वाचनात खोट हाय" हे कारण ते सगळ्यांना सांगत. ज्या ज्या घरी पारायण झाले होते त्या त्या घरी ते एसटीने गेले, चार पाने उघडून दाखवली आणि चहा न घेता परतले. यात सहा रविवार गेले. कांदा बागायतदाराने त्यांना विचारले, की मग गाडी थांबवल्यावर नावे घ्यायची की नाही? "लाल न्हाई तर घ्या," आप्पा म्हणाले. बागायतदाराने ते लिहून घेतले.

त्यानंतर कवठे येमाईच्या एका शिक्षक दांपत्याने नवी गाडी घेतली. आप्पांनी नकार कळवला. दोन दिवसांनी भाचीने परस्पर होकार कळवला, आणि रविवारी सकाळी ती शिरूरला दारात गाडी घेऊन उभी राहिली.

"चला मामा."

"मी वाचणार न्हाई."

"तुम्ही कुठं वाचताय? मी वाचणार आहे. तुम्ही बसा."

ओसरीवर चौदा माणसे होती. भाची पाटावर बसली. आप्पा खाली सतरंजीवर, मास्तरांच्या आईशेजारी. तिने पुस्तक उघडले ते थेट चित्रांच्या पानांवर. पिवळे दिवे आधी घेतले. आप्पा प्रत्येक दिव्याला हात वर करून शंका विचारत होते. पिवळा लागला तर घरापर्यंत जाता येतं का, दोन पिवळे एकदम लागले तर, लुकलुकला तर. मास्तर कंटाळले होते. ती शांतपणे उत्तरे देत होती.

मग ती लाल दिव्यांवर आली. आप्पांनी पुन्हा हात वर केला.

"समजा लाल लागला. आन् शेजारी कुणी वडीलधारं बसलंय, जाणतं, आयुष्य इंजिनात गेलेलं. ते म्हणतंय, राहू दे चालू. तवा काय करायचं?"

हे कुणाबद्दल चालले आहे ते सगळ्यांना माहीत होते.

"किल्ली फिरवायची," भाची म्हणाली. "आणि मग त्यांना विचारायचं, काय म्हणत होता?"

आप्पांनी मास्तरांच्या आईकडे वळून पाहिले. "लिहून घ्या," ते म्हणाले.

"मला लिहिता येत न्हाई," म्हातारी म्हणाली.

"मग पाठ करा," आप्पा म्हणाले, आणि भाचीला पुढचे पान उलटायची खूण केली.